पारसिक टेकडीवरून काय दिसतं, ते कसं ओळखायचं आणि उतरल्यावर कुठे जायचं

बेलापूर आणि नेरूळच्या मधल्या पारसिक टेकडीवर लोक बहुधा सूर्यास्ताला जातात, दोन-चार फोटो काढतात आणि खाली येतात. टेकडी मात्र सूर्यास्तापेक्षा पुष्कळ जास्त देते. नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली, त्यातली काही गावं इथून इमारतींच्या गर्दीतही वेगळी काढता येतात. शिवाय खाडी, मिठागरांच्या जुन्या खुणा, घारापुरी, माथेरान आणि नवा विमानतळ हे सगळं इथून पाहता येतं. फक्त कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेला बघायचं हे आधी ठरवावं लागतं. तेच इथे क्रमाने दिलं आहे.

आधी नावाचा एक घोळ मिटवू. ठाण्याकडच्या माणसाला 'पारसिक' म्हटलं की कळवा-मुंब्र्यामधला, १९१६ सालचा रेल्वेचा बोगदा आठवतो. नाव एकच, कारण डोंगररांगही एकच. ती मुंब्र्यापासून दक्षिणेकडे बेलापूरपर्यंत येते. आपल्याला जायचंय ते तिच्या दक्षिण टोकाला, 'पारसिक हिल' या वस्तीच्या रस्त्याने. रिक्षावाल्या दादांना नुसतं 'पारसिक' न सांगता 'पारसिक हिल, बेलापूर' असं सांगा.

दगड कोणता, आणि त्याने काय फरक पडतो

टेकडीचा माथा म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर चुनखडीचे पांढरे कडे येतात. इथे तसं काही नाही. हा दख्खनच्या लाव्हाचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून थरावर थर साचून झाला. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून तिच्या डोंगरात गुहा आणि पोकळ्या होतात. बेसाल्ट तसा विरघळत नाही. तो भेगांतून फुटतो, कुजतो आणि त्याचा मुरूम होतो. पायाखाली जे घसरतं ते हेच. उतारावरच्या सुट्या मुरमावर गुळगुळीत तळव्याचे बूट टिकत नाहीत. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, मग तर उभं राहणंही कठीण होतं.

खदानीच्या कापात किंवा रस्त्याकडेच्या दगडात पांढऱ्या रेघा किंवा पांढरे ठिपके दिसले, तर लगेच 'चुनखडी' म्हणू नका. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या खनिजांनी भरल्या. ते खनिज कोणतं, हे ओळखायची घरगुती रीत अशी. चाकूच्या टोकाने पांढरा भाग खरवडा. चाकूने अजिबात ओरखडा उठला नाही तर ती गारगोटी. ओरखडा उठून पांढरी पूड पडली, तर त्या पुडीवर लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. बारीक फेस आला तर कॅल्साइट. पूड पडली पण फेस आला नाही, तर बहुतेक झिओलाइटच्या कुळातलं काही. रस सरळ दगडावर टाकला तर फेस इतका कमी येतो की नजरेतून निसटतो, म्हणून आधी पूड करायची. ओरखडा खाली पडलेल्या तुकड्यावरच काढा. कापाची भिंत ठोकू नका, वरचा सुटा दगड खाली येतो.

कोणता महिना, कोणती वेळ

लांबचं बघायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर अखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाने हवा धुतलेली असते आणि थंडीतला धुरकट थर अजून बसलेला नसतो. पावसाळ्यातही दोन सरींमध्ये उघडीप पडते तेव्हा अर्धा-पाऊण तास माथेरान हाताला लागेल इतकं जवळ दिसतं. पण ती वेळ ठरवून गाठता येत नाही, आणि पावसात टेकडीचा उतार हा भरवशाचा नाहीच.

डिसेंबर-जानेवारीत मोठी फसगत होते. लोक गारव्यासाठी पहाटे येतात आणि त्यांना राखाडी पडद्यापलीकडे काही दिसत नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूळ-धूर खालीच अडकतात. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. म्हणून थंडीत सकाळी सातऐवजी दुपारी दोननंतर जा.

आता उजेडाची दिशा. ही एक गोष्ट नीट ठरवली तरी अर्धं काम होतं. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून पश्चिमेकडचं सगळं उजळतं: खाडी, तिच्या पलीकडचा ट्रॉम्बेचा डोंगर, घारापुरी, वाशीचा पूल. पूर्वेकडे त्या वेळी नुसत्या काळ्या आकृत्या. दुपारी चारनंतर उलट होतं. माथेरान आणि प्रबळगडाच्या कड्यांवर ऊन पडतं, त्यातल्या घळी आणि खाचा उठून दिसतात, आणि पश्चिमेला खाडी नुसती चकाकते. सूर्यास्ताला आलेला माणूस पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो आणि त्या घटकेला सर्वांत सुंदर उजळलेला सह्याद्री त्याच्या पाठीमागे राहतो. एकदा मागे वळून बघाच.

पोहोचायचं कसं

ठाण्याहून ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल आणि मुंबईहून हार्बरची पनवेल लोकल, दोन्ही सीबीडी बेलापूरला थांबतात. तळोजा-खारघरकडून येणाऱ्यांना बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे. तिची लांबी ११.१ किलोमीटर आणि स्थानकं ११, ती १७ नोव्हेंबर २०२३ पासून चालते. बेलापूर स्थानकावरून रिक्षा करा. चढायची तयारी असेल तर रिक्षा पायथ्याशी सोडून डांबरी रस्त्याने चालत जा. चढ सलग असला तरी अवघड नाही, आणि वळणावळणाला दिसणारा तुकडा बदलत जातो. नवख्या माणसाला दिशा कळायला हे फार कामाचं ठरतं.

वर राहती वस्ती आहे. सोसायट्यांच्या दारात गाडी लावू नका, पहाटे मोठ्याने बोलू नका, भिंती ओलांडून 'अजून चांगला स्पॉट' शोधू नका. माणशी एक लिटर पाणी खालूनच घ्या, वर दुकान मिळेल असं धरून चालू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पूर्ण वाळलेलं असतं आणि एका काडीने वणवा लागतो. गवतात शिरायचंच नाही, त्याला दुसरंही कारण आहे. कोकणपट्टीतल्या अशा दगडाळ, वाळक्या जागा फुरशाच्या, म्हणजे एका विषारी सापाच्या, आवडीच्या. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

सोबत काय घ्यायचं

८×४० किंवा १०×४२ ची दुर्बीण, कागद-पेन्सिल, मोबाईलमध्ये या भागाचा ऑफलाइन नकाशा आणि स्वतःचा हात. हात अशासाठी की तोच आपला कोनमापक. हात पूर्ण ताणून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते आणि करंगळीची जाडी साधारण १ अंश. माणूस लहान असो की मोठा, हाताची लांबी आणि मुठीची रुंदी बहुधा एकाच प्रमाणात असतात, म्हणून हे माप सगळ्यांना चालतं. कोपर वाकलं की मात्र चुकतं. मूठ डोळ्याजवळ येते, जास्त कोन झाकते आणि सगळी मापं कमी भरतात.

मोबाईलचं होकायंत्र वापरायला हरकत नाही, पण त्यावर आंधळा विश्वास नको. लोखंडी रेलिंग, उभी गाडी आणि मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक, या तिघांपैकी काहीही जवळ असलं तर ते २०-३० अंशही चुकवतं. रेलिंगपासून चार-पाच पावलं मागे या, कव्हर काढा आणि मोबाईल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तीन-चार वेळा फिरवा. मुंबई परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशापेक्षा कमी आहे, त्यामुळे तो हिशोब सोडून दिला तरी चालतो.

दिशा पक्की करणं

पहिली पाच मिनिटं काहीही ओळखायचा प्रयत्न करू नका. आधी एक पक्की खूण धरा. जवळची आणि कुणालाही चुकणार नाही अशी खूण म्हणजे नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला तो इथेच. टेकडीच्या वायव्येला, महामार्गाकडेला त्याचं मोठं गोल छप्पर आणि दिव्यांचे खांब दिसतात. तुमच्या वळणावरून ते दिसत नसेल तर महापालिकेचं मुख्यालय धरा. ते दक्षिणेला पाम बीच रस्त्याच्या टोकाशी आहे. घुमटाची पांढरी इमारत आणि समोर खूप उंच राष्ट्रध्वज.

आता नकाशा उघडा. तुमचा निळा ठिपका आणि ती खूण यांच्यामधून मनात एक रेघ ओढा आणि नकाशा असा फिरवा की नकाशावरची रेघ आणि समोरची रेघ एकाच दिशेला येईल. होकायंत्र खोटं बोललं तरी ही रेघ खोटं बोलत नाही. इथून पुढे मुठी मोजत जायचं. खाली दिलेले कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेले आणि माथ्याच्या मध्यावरून काढलेले आहेत. तुम्ही उभे असाल तिथून दोन-चार अंश इकडे-तिकडे होतील. जवळच्या खुणांना फरक जास्त पडेल, लांबच्यांना जवळपास नाहीच.

किती लांबचं दिसू शकतं याचा एक सोपा हिशोब आहे. तुम्ही समुद्रसपाटीपासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणा, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. २०० मीटर उंचीवर हे उत्तर सुमारे ५० किलोमीटर येतं. उंच डोंगर त्याच्याही पलीकडून डोकं वर काढतो. म्हणजे अडचण पृथ्वीच्या गोलाईची नसते, असते ती धुरक्याची.

पूर्व आणि आग्नेय: सह्याद्री आणि विमानतळ

ईशान्येला खारघरचा डोंगर अगदी जवळ उभा आहे, तो पलीकडचं सगळं झाकतो. त्याच्याच कुशीत पांडवकडा धबधबा आहे. तिथे बुडून अनेक जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात तिथे प्रवेशबंदी असते. धबधबा बघायची हौस लांबूनच भागवा.

खारघर डोंगराच्या उजव्या उतारावरून नजर पुढे न्या. साधारण ९५ ते ११० अंशांत, २५ किलोमीटरवर, वरून सुरीने कापल्यासारखी सपाट लांब भिंत दिसते, तेच माथेरान. त्याची उंची सुमारे ८०० मीटर, त्यामुळे इथून ते क्षितिजाच्या वर जेमतेम दीड करंगळी उठतं. पहिल्यांदा बघणारा माणूस त्याला ढग समजून सोडून देतो. त्याच्या अलीकडे, किंचित उजवीकडे प्रबळगड. हा आणि माथेरान एकमेकांत मिसळून दिसतात आणि सर्वांत जास्त चूक इथेच होते. खूण अशी: प्रबळच्या डाव्या टोकाला व्ही आकाराची खाच आहे आणि खाचेपलीकडे निमुळता सुळका आहे, तो कलावंतीण. खाच सापडली की प्रबळ सापडला, आणि त्याच्या मागे-डावीकडे जे उरतं ते माथेरान. खाच दुपारी चारनंतर दिसते. सकाळी ती सावलीत बुजलेली असते.

उजवीकडे आणखी चार मुठी गेलं की १५३ अंशांच्या आसपास, १९ किलोमीटरवर कर्नाळा. त्याचा अंगठ्यासारखा सुळका प्रसिद्ध आहे, पण इथून तो हात लांब करून मोजला तर मिलिमीटरभर भरतो. डोळ्यांनी शोधण्यात वेळ घालवू नका, सरळ दुर्बीण लावा.

कर्नाळ्याच्या अलीकडे, १४० अंशांच्या जवळपास, नवी मुंबई विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, ती इथून साधारण तीन मुठींएवढी रुंद दिसते. मूठ वापरायचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. पण त्या सपाटीकडे बघताना हे लक्षात असू द्या की तिथे उलव्याची टेकडी होती. ती कापून काढली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. दहा गावांच्या लोकांनी घरं, देवळं, स्मशानं सोडून स्थलांतर केलं. वरून दिसणारी ती सरळ रेघ त्यांच्या अंगणांवरून गेली आहे.

दक्षिण आणि नैर्ऋत्य: खाडी, किल्ला, घारापुरी

दक्षिणेला पनवेलची खाडी आणि तिच्या पलीकडे उलव्याच्या इमारती. त्याच रोखाने आणखी पुढे जासई. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई-दास्तान फाट्याच्या भागात आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. गावठाणांच्या अंगाला चिकटून जे लहान-लहान प्लॉट आणि त्यावर तीन-चार मजली इमारती दिसतात, त्यातले बरेचसे या योजनेतले. हे माहीत असलं की खालचा नकाशा एकदम उलगडतो.

नैर्ऋत्येला, साधारण २३४ अंशांवर, खाडीच्या तोंडाशी दोन उंचवट्यांचं बेट म्हणजे घारापुरी. दोन टेकड्या आणि मध्ये खोल जागा, हाच तिचा आकार. तिच्या डावीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनची रांग. घारापुरीच्या अलीकडून पाण्यावर एक बारीक आडवी रेघ जाते, तो अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला, २१.८ किलोमीटर लांब. दुपारी पाण्याच्या चकाकीत तो हरवतो, सकाळी आठच्या सुमारास सर्वांत स्पष्ट दिसतो. पश्चिमेला ट्रॉम्बेचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर. तिकडे लांब पल्ल्याची लेन्स रोखू नका.

वायव्येला, ३०० अंशांच्या आसपास, वाशीचे खाडीपूल. हवा अगदीच स्वच्छ असेल तर ३३० अंशांवर ठाण्यापलीकडचा येऊरचा डोंगर दिसतो. उत्तरेकडे स्वतः पारसिकचीच रांग आडवी येते. तिच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्यांसारखे उभे काप दिसतात, त्या खदानी.

गावं कशी शोधायची

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० ची. तिने आखलेले सेक्टर वरून लगेच कळतात: सरळ रस्ते, एकसारख्या इमारती, मध्ये मैदान. गाव शोधायचं तर ही आखणी जिथे मोडते ती जागा शोधा. रस्ता अचानक वाकडा होतो किंवा दिसेनासाच होतो. इमारती एकमेकींना खेटून, मध्ये हातभराची गल्ली. गच्च्यांवर टाक्यांची गर्दी. अधूनमधून एखादं मंगलोरी कौलांचं छप्पर शिल्लक, त्याला निळं प्लास्टिक लावलेलं. या गर्दीच्या कडेला तळं असतं, देवळाचा कळस असतो आणि मोठं झाड असतं, बहुधा वड किंवा पिंपळ. तळं, कळस आणि झाड यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ते गावठाण समजा. तिन्ही दिसल्या तर शंकाच नको.

या रीतीने दक्षिणेकडे अग्रोळी, शहाबाज, फणसपाडा आणि खाडीच्या कडेला दिवाळे, पश्चिमेकडे करावे, दारावे, नेरूळ आणि सारसोळे अशी आगरी-कोळ्यांची गावं एकेक करून लावता येतात. प्रत्येक गाव लावल्यावर कागदावर टिंब द्या आणि नकाशाशी ताडून बघा. पहिल्या फेरीत चारातली दोन बरोबर आली तरी पुष्कळ. चुका बहुधा झोपडवस्तीला गावठाण समजल्याने होतात. तिथेही घरं खेटून असतात, पण तळं आणि जुना कळस नसतो.

आणखी एक खूण खालच्या पाण्याची. सारा किनारा भरतीच्या पातळीलगतचा. पूर्वी इथे खारजमिनीत भात आणि मिठागरं होती. बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि बांधातल्या उघाडीतून ओहोटीला आतलं पाणी सोडायचं. उघाडीचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं. सिडकोने शहर वसवताना हेच तत्त्व घेतलं आणि पावसाचं पाणी धरणारे मोठे तलाव ठेवले. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर शहराचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते या तलावांत थांबतं आणि ओहोटी लागली की दारांतून बाहेर पडतं. वरून नेरूळ-बेलापूरच्या खाडीकडेला जे रुंद, उथळ तलाव दिसतात ते असे आहेत. त्यात गाळ साचला, तिवरं वाढली किंवा दारं नादुरुस्त झाली की पाणी रस्त्यावर येतं. शोभेचं तळं म्हणून त्याच्याकडे बघू नका, शहर कोरडं ठेवायचं काम त्याच्याकडे आहे.

उतरल्यावर

टेकडीच्या पूर्व अंगाला आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात केलेली ही वस्ती, सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी आखलेली. सात घरं मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचं एक अंगण, असे तीन गट मिळून २१ घरांमध्ये साधारण १२ बाय १२ मीटरचा चौक, आणि असे चौक जोडत जोडत पुढे मोठी मोकळी जागा. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटवलेली नाही, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी ते वाढवलंही, त्यामुळे मूळ रूपातली घरं आता शोधावी लागतात. ती शोधण्यापेक्षा अंगणात उभं राहून बघा. सात दारं कशी एकाच मोकळ्या जागेत उघडतात, ते पावलांनी मोजता येतं. आठ मीटर म्हणजे साधारण अकरा-बारा पावलं. अंगणं लोकांची आहेत, कॅमेरा काढण्यापूर्वी विचारा.

तिथून स्थानकापलीकडे अग्रोळी. 'एक गाव, एक गणपती' ही रीत या गावाने अनेक दशकं पाळली आहे. गणेशोत्सवात आलात तर मुद्दाम जा.

बेलापूरचा किल्ला महापालिका मुख्यालयाच्या जवळच आहे. सोळाव्या शतकात, १५६० च्या दशकाच्या सुमारास सिद्दींनी तो बांधला. मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, अठराव्या शतकात चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने घेतला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. किल्ला हाती आला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडलं, अशी कथा सांगतात. आता अवशेष थोडे आहेत. त्यातल्या बुरुजाच्या सांध्यांतला चुना जवळून बघा. या पट्ट्यात चुनखडीचे डोंगर नाहीत, म्हणून कोकणात बांधकामाचा चुना शिंपल्या-कालवं भाजून करत. सांध्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे दिसतात का ते पाहा. बुरुजावर चढू नका आणि सांधे उकरू नका. दगड सुटे आहेत.

दिवाळे हा कोळीवाडा. दिवाळीच्या दिवसांत खाडीच्या पाण्यातून बहिरीदेवाची मूर्ती शोधून वाजतगाजत गावात आणतात, तो सोहळा इथला. एरवी सकाळी मासळी बाजार बघा. खाडीच्या चिखलातल्या चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या, बोईट, आणि नशीब असेल तर जिताडा. भाव करा, पण मावशींना आधी 'आजचं काय आहे?' हे विचारा. बर्फातलं आणि खाडीतलं वेगळं करून त्याच सांगतील. चिंबोरी उचलून बघायची, आकाराच्या मानाने हाताला जड लागली तर भरलेली, हलकी लागली तर पोकळ.

शेवटी पाणथळ जागा. नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकडेला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे या काळात दिसतात. इथे भरती-ओहोटीचं गणित चुकलं की फेरी फुकट जाते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाडीत दूरवर पसरून खात असतात. भरतीने चिखल बुडाला की ते आतल्या पाणथळीत येऊन विसावतात. म्हणून जायचं ते भरतीला. वेळ काढायची कोळ्यांची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या, चतुर्दशीला साडेदहाच्या. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. ही पूर्ण भरतीची वेळ, आणि दर सव्वासहा तासांनी ओहोटी-भरती पालटते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर लागतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही, त्यामुळे पक्षी चिखलावरच राहू शकतात. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचं उधाण पक्ष्यांसाठी चांगलं.

म्हणून एकाच दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नये. ऑक्टोबरमध्ये डोंगर स्पष्ट दिसतात, पण रोहित आलेले नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत रोहित असतात, पण माथेरान धुरक्यात असतं. पहिली फेरी ऑक्टोबरची ठेवा: सकाळी सातला वर, साडेआठपर्यंत पश्चिम बाजू, मग आर्टिस्ट व्हिलेज, अग्रोळी, किल्ला आणि दिवाळ्याचा बाजार, आणि जमलं तर चारनंतर पुन्हा वर, या वेळी पूर्वेसाठी. दुसरी फेरी फेब्रुवारीतल्या त्रयोदशी किंवा चतुर्दशीची: सकाळी साडेनऊ-दहाला पाणथळीवर, दुपारी तीनला टेकडीवर. दोन्ही फेऱ्यांना तोच कागद घेऊन जा. ऑक्टोबरमध्ये ज्या गावाची जागा चुकली होती, ती दुसऱ्या वेळी बहुतेक बरोबर लागते.